छबूच्या नखावरची काळी रेघ

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तरी मी छबूच्या पायाला हात लावतो ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. आता ती सगळ्या देवळाली प्रवऱ्याला माहीत आहे. डेअरीवर दूध घालायला गेलो की लोक आधी माझ्या अंगठ्याकडे बघतात आणि मग माझ्या तोंडाकडे. बघू देत. ज्या कारणानं ती बाहेर फुटली, ते कारण आठवलं की मला लोकांच्या हसण्याचं काही वाटत नाही.

मी भीमा. कारखान्यात उसाच्या नोंदी घ्यायला स्लिपबॉय म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तोही स्लिपबॉय म्हणूनच. एवढा म्हातारा बॉय दुसरा कुठे नसेल. आता थोडा ऊस आहे, दोन गाई आहेत आणि छबूबाई आहे, म्हणजे माझी बायको. सगळं तिच्या ताब्यात, मीसुद्धा. तिची कंबर धरलेली असते, त्यामुळे तिला स्वतःच्या पायाच्या बोटांपर्यंत पोचता येत नाही. मी पोचलेलंही तिला चालत नाही. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर पाप बायकोला लागतं, असं तिच्या आईनं तिला सांगून ठेवलंय, आणि सासूबाईंच्या शब्दापुढे माझं कधी चाललं नाही. त्या गेल्यावर तर अजिबात नाही.

पण काटा मोडायचा तो मोडतोच, नखं वाढायची ती वाढतातच. मग दार लोटायचं, गल्लीत कोणी नाही ना बघायचं, आणि मी तिचा पाय मांडीवर घ्यायचा. काम झालं की ती माझ्या पाया पडणार. दोनदा. एकदा रीतीप्रमाणे आणि एकदा झालेलं पाप फेडायला. धरलेली कंबर पाया पडताना मात्र बरोबर वाकते. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं, तेव्हा दोन दिवस कालवणात मीठ नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गाईंना गवत आणायला बांधावर गेली आणि बाभळीचा काटा चपलेतून आरपार तिच्या अंगठ्यात गेला. नखाला नाही, खालच्या बाजूला. संध्याकाळची वेळ, लाईट गेलेली. दार लोटून, देवापुढचा दिवा जवळ घेऊन मी काटा काढला. माझा चष्मा ओट्यावर राहिला होता, पण दार उघडून तो आणायची परवानगी मला मिळाली नाही. मग काट्याच्या जागी बिब्बा लावला. बिब्बा आमच्याकडे घरोघरी डब्यात असतो. काळं, टणक फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं, तो गरम थेंब काट्याच्या जागी सोडायचा, म्हणजे जागा पिकत नाही. पुष्कळांना बिब्बा उततो, अंगावर फोड येतात. आम्हा दोघांची कातडी त्या बाबतीत म्हशीची आहे. थेंब पडला, ती स्स म्हणाली, मी अंधारात बोटानं पुसून घेतलं, दोन्ही नमस्कार झाले आणि विषय संपला.

दिवाळीला आमची मुलगी सुकन्या भिंगारहून आली. जावई लष्कराच्या ऑफिसात कारकून आहेत, त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून ती एकटीच नातीला घेऊन आली. नातीचं नाव संस्कृती, वय सहा, आणि सध्या तिला दिसेल त्याच्या नखांना नेलपॉलिश लावायचा नाद आहे. माझ्या करंगळीला लावून झालं, गाईच्या खुरापाशी गेली होती तिला ओढून आणलं, शेवटी ती आजीपाशी बसली. नातीनं पाय धरलेले चालतात. संस्कृतीनं परातीत पाणी घेऊन, साबण लावून आजीचे पाय घासले. रानातली काळी माती निघाली आणि अंगठा काही गोरा होईना.

"आज्जी, ह्याला कुणी आधीच काळी लावलीये," ती म्हणाली.

सुकन्या बघायला आली. अंगठ्याच्या नखाच्या एका कडेनं, जवळजवळ मुळापासून टोकापर्यंत, काळी रेघ होती. शेजारच्या कातडीचा कोपराही काळा. ती मोबाईल घेऊन ओट्यावर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आमची सुकन्या बोलताना फक्त श्वास घ्यायला थांबते. ती गप्प बसली की काहीतरी वाईट आहे असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी तिघं राहुरीला डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी छबूचा पाय उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. मग म्हणाले, नखाला मार लागला की खाली रक्त साकळून ते काळं पडतं, ते नेहमीचंच. बुरशी लागली की नख पिवळं होतं, जाड होतं, भुसभुशीत होतं, तेही रोज बघतो. "पण ही अशी उभी रेघ, आणि शेजारची कातडीपण काळी, हे मला बघून सोडून देता येणार नाही. नखाखाली कॅन्सरचा एक वाईट प्रकार असतो. आहेच असं मी म्हणत नाही. नगरला स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. त्या बहुतेक नखाच्या मुळाचा तुकडा काढून तपासायला पाठवतील."

"आणि तसंच निघालं तर?" सुकन्यानं विचारलं.

"तर अंगठा काढावा लागतो. आणि कुठं पसरलंय का ते बघावं लागतं." मग छबूकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, काही लागलं होतं का? नखाला काही लावलं होतं? मेंदी, रंग, कसलं औषध?"

"न्हाई वो," डॉक्टरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत छबू म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखता येते. मीही नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. डॉक्टर नखाचं विचारत होते. काटा खालच्या बाजूला होता, बिब्बा लावला तो काट्याला. नखाशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नगरच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. सुकन्या नातीची शाळा म्हणून भिंगारला परत गेली आणि आम्ही दोघं गुरुवारची वाट बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "अंगठा गेला तर जोडव्याला काय व्हत न्हाई ना?"

"जोडवं शेजारच्या बोटात असतंय," मी म्हणालो.

"मंग जाऊ दे." आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी तिनं मला चुलीपाशी बोलावलं आणि डबे दाखवायला लागली. हळद ह्यात, हिंग त्यात, ताक कुठं ठेवायचं, विरजण कशात लावायचं. चहात आलं आधी, साखर मागनं. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि मग माझं डोकं फिरलं.

"मला नको शिकवू. मला येतो चहा."

"येत न्हाई."

"मग नाही पिणार."

"पिल्याबिगर ऱ्हाताय व्हय तुमी?" ती शांतपणे म्हणाली. "ऐकून ठिवा."

मी उठून गोठ्यात जाऊन बसलो. भांडण झालं की एरवी मी गाईला सगळं सांगतो, त्या दिवशी काही सांगता आलं नाही. मला भीती वाटत होती. छबू नसलेलं घर डोळ्यांपुढे आणायला गेलो तर हळदीचा डबा दिसायचा आणि पुढे काही दिसायचंच नाही. आयुष्यभर मी तिच्यावर खेकसलो, तीही माझ्यावर खेकसली, आणि त्या खेकसण्याशिवाय मला जगता येणार नाही हे त्या गोठ्यात मला कळलं.

त्या आठवड्यात मी रानात गेलो नाही. पाणी शेजारच्या सुनीलनं दिलं. खुरप्याला हात नाही, मातीला हात नाही, त्यामुळे माझे हात कधी नव्हे ते स्वच्छ झाले. शेतकऱ्याच्या नखात काहीतरी काळं असायचंच, ते आपण बघतसुद्धा नाही. बुधवारी सकाळी, छबूनं शिकवल्याप्रमाणे आलं आधी टाकून मी चहा केला आणि कपबशी उचलताना माझं लक्ष माझ्या उजव्या अंगठ्याकडे गेलं. बाकीची नखं साफ होती. अंगठ्याच्या नखाच्या कडेला काळी रेघ होती. शेजारची कातडीही काळी. साबणानं घासलं, लिंबानं घासलं, ती जाईना.

मलाही झालं होतं. चाळीस वर्षं एका तव्यावरची भाकर खाल्ली, एका घरात राहिलो, लागण होणारच. मी चुलीपाशीच बसलो. आणि मग, कुणाला पटो न पटो, मला बरं वाटलं. एकटं मागे राहायचं नाही, डबे लक्षात ठेवायची गरज नाही. तो चहा मी निवांत प्यालो आणि चांगला झाला होता.

छबूला काही सांगितलं नाही. दिवसभर अंगठा मुठीत धरून हिंडलो.

"मूठ का आवळलीय?" तिनं विचारलं.

"थंडी हाय."

"दुपारची?"

"मला वाजती."

संध्याकाळी भिंगारला सुकन्याकडे मुक्कामाला गेलो आणि गुरुवारी सकाळी रिक्षानं नगरच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई सुकन्याच्याच वयाच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी छबूला टेबलावर झोपवलं आणि दिव्याचं भिंग घेऊन त्या अंगठ्यावर वाकल्या. बराच वेळ बघितलं. त्यांनीही तेच विचारलं, काही लावलं होतं का, आणि छबूनंही तेच सांगितलं, न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळाशी नख थोडं कोरं दिसतंय, म्हणून मला शंका आहे. पण काही लावलंच नसेल, तर छोटा तुकडा काढून बघितलेला बरा."

सुकन्या रडायला लागली. छबू छताकडे बघत पडून राहिली, तिचे ओठ हलत होते. नर्स ट्रेमध्ये काहीतरी मांडायला लागली, त्याचा आवाज झाला आणि मला राहवलं नाही.

"डॉक्टर, आदी माझा घ्या," मी म्हणालो आणि मूठ उघडली. "मलाबी झालाय. माझ्या तुकड्यात काय निघतंय ते बघा, मंग तिला हात लावा."

छबू कंबरेचं दुखणं विसरून ताडकन उठून बसली. "काय झालंय तुमाला? बघू." तिनं माझा हात ओढून घेतला, अंगठा बघितला आणि दोन्ही हातांत गच्च धरला. लोकांसमोर तिनं माझा हात असा कधी धरला नव्हता. "मला सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या अंगठ्यासाठी आठवडाभरात एकदाही आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातातून माझा अंगठा अलगद सोडवून घेतला. भिंगातून माझा अंगठा बघितला. मग तिचा बघितला. पुन्हा माझा. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"आजोबा, हा आजार बायकोकडून नवऱ्याला लागत नसतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी मिळून कशाला हात लावला होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिव्यावर धरलेला दाभण, नसलेला चष्मा. दाभण माझ्या हातात, पाय तिचा, आणि थेंब वाट फुटेल तिकडे ओघळला होता. थोडा तिच्या नखावर, थोडा माझ्या. मी अंधारात बोटानं पुसून घेतला तेव्हा आणखी पसरला असणार. बिब्ब्याचा डाग लगेच दिसतही नाही, सावकाश चढतो. परटाच्या कपड्यांवरच्या खुणा त्याच्याच असायच्या आणि कपडा फाटेपर्यंत जायच्या नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी छबूकडे बघितलं. तिच्याही डोक्यात तोच उजेड पडला होता, आणि तिची नजर मला सांगत होती, गप्प बसा. अंगठा जायची वेळ आली तरी ती नजर तशीच होती. चाळीस वर्षांत मी त्या नजरेपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

"बिब्बा," मी म्हणालो.

"कुणी लावला?"

"मी."

"कुठं?"

"तिच्या पायाला. काटा मोडला हुता."

सुकन्या रडायची थांबली. "अप्पा, तुम्ही आईच्या पायाला हात लावला?"

"दार लोटून," मी म्हणालो. आता सांगायचंच तर सगळं सांगावं. "नेहमीच लावतो. नखंबी मीच कापतो."

छबूनं पदर पार तोंडावरून ओढून घेतला आणि टेबलावर तशीच बसून राहिली. नर्स भिंतीकडे तोंड करून हसत होती.

डॉक्टरीणबाईंनी एक पातं घेतलं आणि छबूच्या नखाचा वरचा थर हलक्या हातानं खरवडला. कापसावर काळा भुगा पडला आणि खाली चांगलं, दुधाळ रंगाचं नख निघालं. कोपऱ्यातली काळी कातडी मेलेली होती, ती सालासारखी निघून आली. मग त्यांनी भिंगाखाली आधी माझं नख सुकन्याला दाखवलं. "हाताचं नख लवकर वाढतं. बघा, मुळाशी कोरी पट्टी आलीये. आईंच्या नखालाही आलीये, पण ती अगदी बारीक आहे. आतून रंग येत असता तर मुळापासून काळंच येत राहिलं असतं. हा बाहेरचा डाग आहे. कॅन्सर नाही. तुकडा काढायची गरज नाही." मग त्यांनी मला जरा झापलं. राहुरीच्या डॉक्टरांनी पाठवलं ते योग्यच केलं, कातडी काळी दिसली की कुणीही पाठवील, पण त्यांनी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं.

"पाप लागतं," पदरातून आवाज आला.

"कुणाला?"

"मला."

डॉक्टरीणबाईंना यावर औषध सुचलं नसावं. बिब्बा पुन्हा लावायचा नाही, तो कधी उतेल सांगता येत नाही, आणि तीन महिन्यांनी नख दाखवायला या, एवढं त्यांनी बजावलं. काळं पुढे सरकत जाईल तसं कापत जा, म्हणाल्या. कुणी कापायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्याकडेच बघून सांगितलं.

बाहेर आल्यावर छबूला एकदम भूक लागली. आठवडाभर ती नुसती चिवडत होती. रस्त्याकडेला रसवंती होती, तिथं बाकावर बसलो, आणि घरी ऊस उभा असताना पैसे देऊन रस प्यालो. असा रस मी जन्मात प्यालो नव्हतो. अर्धा ग्लास संपला आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. गिऱ्हाइकं बघायला लागली. छबूनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, सांडेल म्हणून.

"आदी माझा घ्या म्हनं," ती म्हणाली. "अंगठा काय केळं हाय व्हय, ह्याचा घ्या, त्येचा घ्या?"

मी नाक पुसलं.

जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "खरंच दिला असता?"

"दिला असता."

"येडंच हाय," ती सुकन्याला म्हणाली, आणि माझा उरलेला रसही पिऊन टाकला.

सुकन्यानं ही गोष्ट फोनवर कुणाकुणाला सांगितली ते तिलाच माहीत. आम्ही देवळालीला उतरायच्या आत ती तिथं पोचली होती. छबू काही दिवस डोक्यावरचा पदर जरा जास्तच पुढे ओढून पाण्याला जायची. मला वाटलं, आता हिचा पाय काही आपल्या हाताला लागत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला माझ्या नखावरचं काळं टोकाजवळ आलं. तिचं अजून अर्ध्यावर होतं. एका सकाळी मी ओट्यावर उन्हात नेलकटर घेऊन माझी नखं कापत बसलो होतो. छबू घरातून पाट घेऊन आली, माझ्यासमोर ठेवून त्यावर बसली आणि तिनं पाय पुढे केला. मी उठून दार लोटायला निघालो, तर ती म्हणाली, "इथंच. आत दिसत न्हाई तुमाला, मागच्यासारखं करून ठिवाल."

मी तिचा पाय मांडीवर घेतला. अंगठा झाला, जोडव्याचं बोट झालं. तेवढ्यात शेजारची रंगुबाई ताकाला तांब्या घेऊन आली आणि फाटकातच थबकली. सवयीनं माझा हात मागे आला. छबूचा पाय जागचा हलला नाही.

"अवो, करंगळी ऱ्हायली," ती मला म्हणाली. मग रंगुबाईकडे बघून म्हणाली, "बस गं. ह्यांचं व्हऊ दे, मंग देतेत ताक."

रंगुबाई पायरीवर बसली. तिनं आमच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिली. मी करंगळी कापली. नखं वेचून कागदात घेतली आणि नेहमीप्रमाणे माझे पाय जवळ घेऊन दोन नमस्कारांची वाट बघत बसलो.

छबू पाटावरून उठली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या. कंबर धरलीय."

मी रंगुबाईचा तांब्या घेतला आणि आत गेलो. ताक कुठं असतं ते मला आता माहीत होतं.